विसरल्या म्हणून लिहिलेल्या बाया

बहात्तरच्या दुष्काळात नरसिंग जोंधळे नांदेडला कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. दिवाळीला गावी आले आणि त्या वर्षी परत गेलेच नाहीत. वडील ग्यानोबा आणि आई सरजाबाई पाझर तलावाच्या कामावर मुरूम वाहत होते. "तू जा बाबा, आमचं आमी बघू," असं आई म्हणायची. पण तिच्या तळहातावरचे फोड बघून कुठला पोरगा एस.टी.त बसेल? त्यांनीही टोपलं उचललं.

मी त्यांचा विद्यार्थी, पुढं त्यांच्याच विभागातला सहकारी. त्या कामाविषयी सर बोलायला लागले की त्यांचा आवाज बदलायचा. "व्यंकट, माझं गाव एका जागी बसलेलं मी त्या वर्षीच बघितलं. त्याच्या आधी न्हाई आणि नंतर तर न्हाईच."

गावात जोंधळ्यांची घरं वेशीबाहेर. छप्पन्न साली ग्यानोबांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. पण गावाच्या विहिरीपासून त्यांचं अंतर होतं तेवढंच राहिलं. दुष्काळानं मात्र जमीनवाल्यांच्या बायकाही कामावर आणल्या. एरवी वरून ओंजळीत पाणी घालणाऱ्या बायका आता सरजाबाईंच्या मांडीला मांडी लावून खडी फोडू लागल्या. मुकादम एकच, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकर एकच, आणि दुपारची सुकडीही एकाच पातेल्यातली.

त्यातली एक केवळाबाई. हे तिचं खरं नाव नाही, आणि गावाचं नावही मी सांगणार नाही. अहमदपूरच्या बाजूचं, एवढं पुरे. नवरा सटवाजी, घरची जमीन चांगली, पण विहीर कोरडी पडली तेव्हा तीही पाटी घेऊन आली.

मजुरीच्या दिवशी अंगठा उठवायची सरजाबाईंना लाज वाटायची. पोरगा कॉलेजात आणि आईचा अंगठा! म्हणून दुपारच्या सुट्टीत नरसिंग तिला बाभळीखाली बसवून, खोदकामाच्या चौकड्या आखायच्या फक्कीनं, म्हणजे चुन्याच्या भुकटीनं, काळ्या दगडावर अक्षरं काढून दाखवायचे. केवळाबाई दोन-चार दिवस लांबून बघत राहिली. मग सरकत सरकत जवळ आली.

"नरसिंगा, माझ्या माह्यारचं नाव काढून दाव की."

"तुमचं स्वतःचं नको का, वैनी?"

"माझ्या नावानं हाक मारतंय कोन? माह्यारचं काढ."

त्यांनी काढलं. शिट्टी वाजेपर्यंत ती त्यावरून बोट फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी बाया आल्या. मुकादम भुजंगराव हसून म्हणाला, "खडी फोडायला आलाव का साळा काढायला?" पण जेवणाच्या सुट्टीत कोण काय करतंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. होळीपर्यंत केवळाबाई मिलोच्या पोत्यावरची मराठी अक्षरं मोठ्यानं वाचू लागली. एकदा टँकर आला तर त्याच्या पाठीवर रंगवलेलं सगळं तिनं घडाघडा म्हणून दाखवलं आणि बाया टाळ्या पिटून हसल्या. सर सांगायचे, त्या दिवशी आपण आयुष्यभर काय करायचं ते मला कळलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. कामं बंद झाली. माणसं आपापल्या शेतात गेली आणि गाव पुन्हा होतं तसं दोन जागी झालं. श्रावणात बांधावर केवळाबाई समोर आली. सरांनी विचारलं, "वैनी, वाचून राहिल्या ना?" तिनं पदर कपाळावर ओढला आणि उत्तर न देता निघून गेली. सरांना वाटलं, गडबडीत असेल.

नरसिंग पुन्हा नांदेडला गेले. बी.ए. झालं, एम.ए. झालं, अहमदपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. सुमनबाईंशी लग्न झालं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. अठ्ठ्याहत्तरला सरकारनं प्रौढशिक्षणाचा मोठा कार्यक्रम काढला. गावोगाव कंदील गेले, पाट्या गेल्या, फोटो निघाले. सगळे विचारत होते, किती बाया शिकल्या? सरांच्या मनात पुढचा प्रश्न होता. कंदील विझल्यावर काय होतं? शिकलेलं किती दिवस राहतं? त्यावरच त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. मार्गदर्शक डॉ. सिद्रामप्पा मठपती, शिस्तीचा आणि सरळ माणूस.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा वेगळा झाला. लोकांनी पेढे वाटले. सरांची मात्र पंचाईत झाली. वर्गात आलेल्या बायांची माहिती जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत होती. उस्मानाबादला गेलं की म्हणायचे, "समदं लातूरला पाठवलंय." लातूरला नव्या कचेरीत कपाटंसुद्धा आली नव्हती, तिथं म्हणायचे, "तिकडंच असंल, नीट बघायला सांगा." सरांचं एक अख्खं वर्ष या दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर गेलं. शेवटी सुमनबाई म्हणाल्या, "कागद हरवले असतील. बाया तर हरवल्या नाहीत ना? आपण त्यांनाच शोधू."

मग दर रविवारी दोघं निघायचे. अहमदपूर, शिरूर अनंतपाळ, मधली लहान गावं. परक्या पुरुषाशी बाया बोलत नसत म्हणून सुमनबाई आत चुलीपाशी जायच्या, सर ओट्यावर बसायचे. एका जाड कार्डावर चार सोप्या ओळी छापून घेतल्या होत्या. बाईनं त्या वाचायच्या. वाचता आल्या तर साक्षरता टिकली, नाही आल्या तर गेली. दुष्काळी कामावर शिकलेल्या आपल्या गावच्या बायाही सरांनी या अभ्यासात घेतल्या. त्यांना शिकून सगळ्यांत जास्त वर्षं झाली होती. आणि खरं सांगायचं तर सरांना त्यांचा अभिमानही होता.

केवळाबाईच्या घरी ते गेले तेव्हा सटवाजी ओट्यावर होते. त्यांनी सतरंजी टाकली, विचारपूस केली. "नरसिंगराव, प्रोफेसर झालात, लई आनंद वाटला." माणूस मनापासून बोलत होता. सरांनी कामाचं सांगितलं तसा त्यांचा चेहरा आखडला.

"आमच्या घरात बाईमानसाला कुठलं लिहिनं-वाचनं येतंय? तुमचा कायतरी घोटाळा होऊन राहिला."

"तलावाच्या कामावर शिकल्या होत्या त्या. माझ्यापाशीच."

सटवाजी दाराकडं वळले. त्यांनी बायकोला बाहेर बोलावलं. केवळाबाई दारात येऊन उभी राहिली.

"हे सर काय म्हनून राहिले? तुला वाचता येतंय?"

"न्हाई बा," ती खाली बघत म्हणाली. "मी कवा शिकले? मला शेन-पान्यातून सवड कुठली?"

सरांनी कार्ड पुढं केलं. सरळ धरून दिलं होतं. केवळाबाईनं ते घेतलं, त्यावर एक नजर टाकली, मग हातातल्या हातात फिरवून उलटं केलं आणि उलट्या कार्डाकडं बघत म्हणाली, "काय की, मुंग्या दिसून राहिल्या."

पुढं कितीतरी वर्षांनी मला हे सांगताना सर म्हणाले, "ज्याला अक्षर येत नाही त्याला उलटं-सुलटं कसं कळंल, व्यंकट? तिनं बघून उलटं केलं."

सुमनबाई पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेल्या. चुलीपाशी केवळाबाईनं त्यांचं मनगट धरलं. "मास्तरला सांगा, मला समदं येतंय. पोराचं जुनं पुस्तक मी रोज वाचते, ते साळंला गेल्यावर. पन लिहू नका. पाया पडते, लिहू नका." पाऊस झाल्यावर भावकीत चर्चा झाली होती: सटवाजीची बायको जोंधळ्याच्या पोरापुढं बसून शिकली म्हणं. सटवाजींनी तिला मारलं नव्हतं की रागावलेही नव्हते. एवढंच म्हणाले होते, "दुष्काळातलं दुष्काळात ऱ्हाऊ दे." तेव्हापासून त्या घरात ती गोष्ट कुणी काढली नव्हती.

परत येताना एस.टी.त सुमनबाईंनी ते सगळं सरांना सांगितलं. त्यानंतर सर प्रत्येक घरी वेगळ्या नजरेनं बघू लागले. एकीनं कार्डाकडं न बघताच ते परत दिलं. एक नुसती हसत राहिली. एकीची सासू मध्येच म्हणाली, "तिला काय इचारताव, तिला येत न्हाई," आणि सुनेनं मान हलवली. यातल्या खरंच विसरलेल्या किती आणि लपवणाऱ्या किती? सुमनबाईंनी आत जाऊन हळूच विचारून बघितलं. केवळाबाईसारखं कुणी बोललं नाही.

सर मठपती सरांकडं गेले. नाव न घेता सगळं सांगितलं.

"तुम्हाला किती जणी असं बोलल्या?"

"एक. तिनंही लिहू नका म्हणून सांगितलंय."

"आणि बाकीच्यांचं?"

"संशय आहे, सर."

"जोंधळे, संशयाला तक्त्यात रकाना नसतो," मठपती म्हणाले. चिडून नव्हे, त्यांनाही वाईट वाटलं होतं. "तुम्ही कार्ड दिलं, बाईनं वाचलं नाही. जे घडलं ते लिहा. त्याच्या पलीकडचं लिहिलंत तर त्या बाईचं घर उठेल, आणि तुमचा प्रबंधही."

सरांनी तसंच केलं. केवळाबाईच्या पुढं लिहिलं, विसरली. दगडावर शिकलेल्या बहुतेक बायांच्या पुढं तेच आलं. वर्गात शिकलेल्या बायांचंही फार वेगळं नव्हतं. निष्कर्ष आपोआपच निघाला: प्रौढ वयात शिकलेली स्त्रियांची साक्षरता थोड्या वर्षांत नाहीशी होते. सर सुमनबाईंना म्हणाले, "हे माझ्या हातानं लिहिलंय, पण माझं न्हाई." त्या म्हणाल्या, "ती लिहा म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ती लिहू नका म्हणालीय. आपण शब्द दिलाय."

डॉक्टर झाल्यावर गावात सत्कार झाला. ग्यानोबांनी नवं धोतर नेसलं होतं. सरजाबाईंनी सत्काराच्या वहीत सही करून साडी-चोळी स्वीकारली. तलावावर शिकलेल्या सगळ्या बायांत उघडपणे सही करणारी तेवढी एकच. बायकांच्या बाजूला केवळाबाईही होती. तिनं वर बघितलं नाही.

वर्ष-दीड वर्षानं लातूरला एका बैठकीचं बोलावणं आलं. नव्या इमारतीत चुन्याचा वास अजून जायचा होता. प्रौढशिक्षणाचं कुठलं काम चालू ठेवायचं आणि कुठलं बंद करायचं, हे तिथं ठरणार होतं. एक वरिष्ठ साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात सरांचा प्रबंध होता.

"आपल्याच जिल्ह्यातल्या डॉक्टर जोंधळेंनी सिद्ध केलंय की बायका विसरतात. मग तिथं शक्ती घालवायची कशाला? बायकांचे वर्ग बंद करून तरुण पुरुषांवर जोर देऊ."

सर उठले. "साहेब, ते तसं नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"हो."

"मग चुकीचं लिहिलंय का?"

सगळे त्यांच्याकडं बघत होते. आपल्या भागातलीही माणसं होती. एक शब्द जास्त बोलला गेला असता तरी कुठली बाई ते शोधायला वेळ लागला नसता. सर म्हणाले, "जे दिसलं ते लिहिलंय. पण दिसलं तेवढंच खरं नसतं." कुणीतरी हसलं. साहेब म्हणाले, "हे तत्त्वज्ञान झालं, सर. बसा."

पुढच्या महिन्यांत बायकांचे वर्ग एकेक करून बंद झाले.

एका दुपारी नागुबाई नावाची बाई अहमदपूरला त्यांच्या घरी आली. शिरूर अनंतपाळजवळच्या एका बौद्ध वस्तीत ती वर्ग चालवायची. लहान वयात नवरा गेला होता. सातवीपर्यंत शिकलेली होती. एस.टी.तून उतरून भर उन्हात चालत आली होती. सुमनबाईंनी पाणी दिलं. ते हातात धरून तिनं विचारलं, "सर, तुमच्या पुस्तकामुळं माझा वर्ग बंद पडला म्हन्ले साहेब. खरं हाय का?"

"हाव," सर म्हणाले.

"माझ्या बाया वाचून राहिल्यात की. बाबासाहेबांच्या गोष्टी वाचत्यात, यष्टीची पाटी वाचत्यात. पोरींना साळंत घालून राहिल्यात. तुमी कुठल्या बाया बघितल्या?"

तिचं गाव सरांच्या अभ्यासात आलंच नव्हतं.

"एकडाव येऊन तर बघायचं व्हतं," नागुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला आणि निघाली. सुमनबाई पायरीपर्यंत गेल्या, जेवायला थांबवत होत्या. ती थांबली नाही. नंतर कळलं की वर्ग गेल्यावर गावात तिचा मानही गेला आणि ती बहिणीकडं हदगावला कापूस वेचायला गेली.

सर मला म्हणाले होते, "लोक म्हणतात संशोधनानं काही होत न्हाई. माझ्या संशोधनानं झालं."

नांदेडला नवं विद्यापीठ झाल्यावर सर इकडं आले. मी त्याच सुमारास त्यांचा विद्यार्थी झालो. सगळे प्राध्यापक वरच्या जागेच्या मागं होते, सर मात्र एकाच प्रश्नामागं: बाईला आपलं वाचन लपवून ठेवता येईल आणि तरी आपल्याला खरं कळेल, असं काय करावं? ते हदगावला गेले आणि नागुबाईला शोधून काढलं. ती शेतातून आली, डोक्यावरचं ओझं उतरवलं.

"आता कशाला आलाव, सर?"

"तू म्हणाली होतीस, येऊन बघा. आता तू दाखव."

तिनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "नावं लिहायची न्हाईत."

"एकही न्हाई."

त्या हंगामानंतर नागुबाई आणि सुमनबाई गावोगाव फिरल्या. कार्ड नव्हतं, प्रश्न नव्हते. नुसत्या बायांत जाऊन बसायच्या, निवडायला-टिपायला लागायच्या. कुंकवाच्या डबीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं, पोराच्या पुस्तकातलं बोलणं निघायचं. बाया हळूहळू मोकळ्या व्हायच्या. कितीतरी जणी वाचत होत्या. कुणी सासूपासून लपवून, कुणी नवऱ्यापासून, कुणी चारचौघींत हसू होईल म्हणून. त्या काळात सर खुशीत असायचे. विभागात आम्हाला स्वतःच्या हातानं चहा करून द्यायचे आणि नागुबाईनं आणलेल्या गोष्टी सांगायचे.

लेख तयार झाला. एका नियतकालिकाकडून परत आला, दुसऱ्याकडूनही. सांगणाऱ्या बायांची नावं नाहीत, गावं नाहीत, पडताळणी करता येत नाही. त्यांच्या नियमानं ते बरोबरच होतं. सरांनी नावं दिली असती तर लेख छापला गेला असता. त्यांनी दिली नाहीत. वरच्या जागेच्या मुलाखतीत विचारलं गेलं, पीएच.डी.नंतर नवं काय? सर म्हणाले, "आहे, पण छापलेलं नाही." जागा दुसऱ्याला मिळाली.

केवळाबाई वारल्याचं त्यांना निवृत्तीच्या आधी थोडे दिवस कळलं, अहमदपूरच्या बाजारात. सटवाजी आधीच गेले होते. सर गावी जाऊन आले. तिच्या पोराशी दोन शब्द बोलले, आईविषयी मात्र काही सांगितलं नाही. परत आल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. मग मला घेऊन, पदवी दिलेल्या जुन्या विद्यापीठाच्या कचेरीत गेले. प्रबंधाला एक पान जोडायचं होतं, निष्कर्ष चूक आहे असं सांगणारं. तिथल्या माणसानं अदबीनं ऐकून घेतलं.

"सर, पदवी दिल्यावर दुरुस्तीची सोय नसते. आणि आता इतक्या वर्षांनी कशाला? तुमचं नाव चांगलं आहे."

बाहेर पडल्यावर सर पायरीवर बसले. मी म्हणालो, "सर, आपण पुन्हा लिहू." ते म्हणाले, "तू लिही. माझ्यावर आता कोण विश्वास ठेवतंय? पहिलंही मीच लिहिलंय."

दोन हजार सोळाचा उन्हाळा. गोदावरीचं पात्र उघडं पडलं होतं, लातूरला तर प्यायला पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

आठवड्यानं सभागृहात शोकसभा झाली. प्रमुख वक्ते दुसऱ्या विद्यापीठातले होते. सरांना कधी भेटलेले नव्हते, पण प्रबंध वाचून आले होते. "प्रौढ स्त्रियांची साक्षरता टिकत नाही, हे कटू सत्य जोंधळे सरांनी निर्भयपणे मांडलं," ते म्हणाले. लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले.

बोलायला त्यांचं नाव पुकारलं नव्हतं. त्या उठल्या आणि माइकपाशी गेल्या.

"बाया विसरल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "यांना ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. यांचं दुःख तेच होतं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. एक प्राध्यापिका उठून त्यांना धरून खाली घेऊन आल्या. सूत्रसंचालक म्हणाला, बाईंच्या भावना आपण समजू शकतो, आणि दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सभेची बातमी आली. वक्त्यांचं भाषण होतं, प्रबंधाचा निष्कर्षही होता. सुमनबाई बोलल्याचं कुठं नव्हतं. त्यांनी बातमी शेवटपर्यंत वाचली, पेपर घडी घालून ठेवला आणि मला म्हणाल्या, "व्यंकट, नागुबाईला कळवलंस का रे?" कुणीच कळवलं नव्हतं. मी त्याच दिवशी हदगावची एस.टी. धरली.